खालच्या गल्लीचं पाणी

१

चिंचणूरच्या खालच्या गल्लीत सकाळी नळाला पाणी आलं आणि दुपारच्या जेवणापर्यंत घरटी एक-दोन माणसं पोट धरून अंगणात ओकत बसली. दिवेलागणीच्या आत म्हातारा भरमू गेला. बाकीचे वाचले ते जोतिबा वैद्यांच्या काढ्यानं, असं सगळं गाव सांगत होतं. भरमूला मारलं कुणी, हेही सगळं गाव सांगत होतं. त्याच्या जावयानं, शामूनं.

दुसऱ्या दिवशी चिकोडीहून फौजदार भावकूराव देसूरकर टांग्यातून उतरले, तेव्हा शामू चावडीच्या खांबाला बांधलेला होता. भावकूराव मूळचे बेळगावजवळच्या देसूरचे, भाताच्या मुलखातले. पोलिसात केस पिकले तसा त्यांच्या अंगात संशय मुरत गेला होता. घरी आमटीत मीठ जास्त पडलं तरी त्यात कुणाचा हात आहे हे ते ताटावरून उठण्याआधी शोधून काढत. आताही त्यांच्या हातात फिरकीचा तांब्या होता. पाणी चिकोडीचं. विषाच्या गावात घोटभरही प्यायचं नाही, हा त्यांचा पण होता.

गावची हकीकत त्यांनी वाटेतच गोळा केली होती. पूर्वी सगळं चिंचणूर आप्पाण्णा या तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या पायऱ्यांच्या विहिरीवर पाणी भरायचं. पाणी मचूळ, डाळ शिजायची नाही, आणि पायातून नारू निघायचा. दोऱ्यासारखा तो लांबलचक जंत काडीला गुंडाळत, न तोडता ओढून काढायचा, त्या कलेत जोतिबा वैद्यांचा हात धरणारा सदलग्यापासून बोरगावपर्यंत कुणी नव्हता. मग म्युनिसिपालटीनं टेकडीवरच्या झऱ्याची विहीर बांधून काढली, तिच्यावर कुलपाचं झाकण बसवलं आणि लोखंडी नळानं पाणी गावात आणलं. एक दिवस खालच्या गल्लीला, एक दिवस वरच्या पेठेला. चावी फिरवायला शामू. काल पाळी खालच्या गल्लीची होती.

"किल्ली कुनाकडं असती?" भावकूरावांनी विचारलं.

"माझ्याकडं, कंबरंला," शामू म्हणाला. त्याचे ओठ सुजलेले होते. गावानं हात साफ करून घेतले होते.

"सासऱ्याला तू काय म्हनालतास, आदल्या दिशी? नळावर, चारचौघांत?"

शामूनं मान खाली घातली. "त्यो मला आयत्या बिळावरचा नागोबा म्हनाला, साहेब. घरजावई हाय न्हवं मी. रागानं बोलून गेलो, तुज्या घशाखाली पाणी उतरू देनार न्हाय म्हनून. पन इख? त्याच नळाचं माझी बायकू पिती की!"

"आनि तू?"

"म्या वर टेकडीवर हुतो. झऱ्याचं पितो."

हे काही त्याच्या बाजूचं बोलणं नव्हतं. भावकूराव खाली वाकले. "वर तुज्याबिगर दुसरं कोन जातंय?"

शामूनं फौजदारांकडं पाहिलं, मग चावडीच्या दाराकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"कोन न्हाय," तो म्हणाला.

इतका वेळ तो खरं बोलत होता. हे मात्र खोटं होतं. उद्या त्याला खुनाच्या गुन्ह्याखाली चिकोडीला न्यायचं होतं, फासाचा दोर समोर लोंबत होता, आणि हा माणूस कुणाला तरी पाठीशी घालत होता.

२

शामूची बायको मनुबाई घोंगडीवर भिंतीला टेकून बसली होती. कालपासूनच्या ओकाऱ्यांनी डोळे खोल गेलेले. बाप गेला आणि नवरा चावडीत, रडायचं तरी कुणासाठी हे तिला कळेनासं झालं होतं.

घरातली सगळी भांडी पालथी होती. गल्लीत हेच चित्र. भीतीनं लोकांनी घागरी गटारात ओतल्या आणि राखेनं घासल्या. बेळगावला, कॅम्पातल्या सरकारी डॉक्टरकडं तपासणीला पाठवायला कालच्या पाण्याचा थेंब शिल्लक नव्हता. टेकडीवरच्या विहिरीतलं आजचं पाणी चांगलं निघालं असतं, तरी काल ते कसं होतं हे कोण सांगणार?

"त्या सकाळी काय काय केलंस, सांग बाई. काय बी गाळू नगंस," भावकूराव म्हणाले.

"नेमीचंच, साहेब. पाणी आनलं, निवळायला ठेवलं. श्रावणात झरा गढूळ येतोय न्हवं. माझ्या बाची, आप्पांची, घागर येगळी. त्यांचं पोट नाजूक, म्हनून त्यांचं पाणी म्या लई जपून निवळायची." तिला हुंदका आला. "ह्यांनी इख घातलं न्हाय, साहेब. भांडत्यात, पन रातच्याला आप्पांचं पाय चेपायला हेच बसायचं."

घागरींच्या वरच्या देवळीत थोडी पांढरी पूड सांडलेली होती. भावकूरावांनी बोट लावलं.

"तुरटी," मनुबाई म्हणाली. "वैद्यबुवांनी आदल्या दिशी साऱ्या गल्लीला फुकट वाटली. मग दवा द्यायला आलते तवा उरल्याली पुडी घेऊन गेले. दव्याच्या पुड्यांत घोळ व्हायचा म्हनले."

भावकूरावांनी बोट धोतराला पुसलं. तिथून ते आप्पाण्णांच्या वाड्यावर गेले. नळ आल्यापासून या माणसानं म्युनिसिपालटीच्या प्रत्येक सभेत नळाला शिव्या घातल्या होत्या, आणि आज त्याच्याच विहिरीवर सगळं गाव पुन्हा रांगेत उभं होतं. संशय घ्यायला एवढं पुरे होतं.

आप्पाण्णांनी आधी हात धुवायला पाणी आणि साबणाची वडी पुढं केली. भावकूराव हात चोळत राहिले, पण फेस येईना. साबण नासलेल्या दुधासारखा हातावर फुटला.

"आमच्या विहिरीचं पाणी असंच," आप्पाण्णा हसले. "पन इख तरी न्हाय त्यात!"

"तुमाला बरंच झालं की, आप्पाण्णा."

आप्पाण्णांचं हसू मावळलं. "फौजदारसाहेब, आमी जैन मानसं. मुंगी मारत न्हाय. माझा राग नळावर, मानसांवर न्हाय." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "खरं तर सांगू नये, आमच्याच समाजाची बाई हाय. पन रोज उजाडलं की एक बाई लोटी घेऊन टेकडी चढती. शामू तिला झाकण उघडून देतो. ती विहिरीत कायतरी वतून परत येती. माझ्या गड्यानं डोळ्यानं बगितलंय."

"कोन बाई?"

"खालच्या गल्लीतली तारामती. आनि आनखी एक सांगतो. तिच्या घरात कुनी आजारी पडलं न्हाय. पाणी मात्र तिनं त्याच नळाचं भरलं हुतं."

३

तारामतीच्या दाराला कडी होती. ती बस्तीत, जैनांच्या देवळात, उपासाला बसली होती. उद्या सकाळपर्यंत येणार नव्हती. गल्लीच्या चिखलात घोटाभर पाय बुडवून भावकूराव परत फिरले, तोच जोतिबा वैद्य समोरून आले. गोरेपान, कपाळाला गंध, काखेत औषधांची पेटी. कुठल्याही घरातून म्हातारी उठून पाया पडावी असा माणूस.

"अहो, पाय बघा कसे झालेत! चला, घर इथंच आहे," ते म्हणाले आणि जवळजवळ हाताला धरूनच फौजदारांना घेऊन गेले.

परसात वैद्यांची सून अंबुबाई हिनं हांड्यातून तांब्या भरून दिला. भावकूरावांनी पाय धुतले, साबण घेतला, हात धुतले. कॉफी आली, ती त्यांनी पोटाचं कारण सांगून टाळली. ओसरीच्या भिंतीवर चौकटीत मानपत्रं होती. नारू काढल्याबद्दल कुण्या इनामदाराचं, कुण्या देसायाचं. त्यांच्या काचांवर धूळ बसली होती.

"गर्दी असते का अजून?" भावकूरावांनी सहज विचारलं.

"आता कुठली? नळ आला, नारू गेला." वैद्य हसले. "गावाचं भलं झालं म्हणायचं. म्हणून तर गढूळ पाणी यायला लागल्यावर मी पदरची तुरटी वाटली. वरच्या पेठेत आधी, मग परवा इथं. काय उपयोग! विहिरीतच विष पडल्यावर तुरटी काय करणार? शामू वाईट नाही हो, पण तापट. रागाच्या भरात माणूस काय करील सांगवत नाही."

"तुमच्याकडं कुनी आजारी?"

"देवाची कृपा. कळताक्षणी घरातले सगळे हांडे पालथे घातले. आता गावाबरोबर आम्हीही आप्पाण्णांच्या विहिरीचंच पितो."

भला माणूस, असं मनाशी म्हणत भावकूराव उठले. चावडीवर येऊन त्यांनी भाकरी मागवली. तिच्याबरोबर आलेली डाळ कच्च्या चण्यासारखी टणक होती. आप्पाण्णांच्या विहिरीचं पाणी, दुसरं काय! त्यांनी तांब्याची फिरकी उघडली. चिकोडीचं पाणी तळाला गेलं होतं. काहीतरी नजरेसमोरून गेलं होतं आणि आपण ते पाहिलं नव्हतं, असं त्यांना राहून राहून वाटत होतं. खुळ्यासारखे ते आपल्याच हातांकडं बघत बसले.

४

सकाळी तारामती घरी सापडली. पांढरं लुगडं, बारीक चण, वय पन्नाशीच्या पुढचं. फौजदारांना बघून ती घाबरली नाही. उलट तिनंच आधी विचारलं, "झाकन कवा उघडनार, साहेब? माझा जीव टांगनीला लागलाय."

"विहिरीत काय वततीस, आक्का?"

"जीवाणी," ती म्हणाली.

दोन पदरी फडक्यातून गाळल्याशिवाय ती पाणी पीत नव्हती. गल्लीतली सगळीच जैन घरं पाणी गाळून पीत. फडक्यात पाण्यातले बारीक जीव अडकतात. ते मारायचे नाहीत. फडकं उलटं करून त्याच पाण्यानं धुवायचं, आणि ते धुतलेलं पाणी, म्हणजे जीवाणी, जिथून आणलं तिथंच अलगद परत सोडायचं.

"हिरीचं पाणी हिरीत सोडता येतंय. पन नळात परत कसं सोडनार, साहेब? बाकीच्या बायका गटारात वततात आनि प्रायश्चित्त घेतात. माझ्यानं न्हाय व्हत. म्हनून शामूच्या पाया पडलो. म्युनिसिपालटीचा हुकूम हाय, वर कुनाला येऊ द्यायचं न्हाय. त्यानं झाकन उघडलं, पन वचन घेतलं, कुनाला सांगायचं न्हाय म्हनून. त्याची नोकरी जाईल न्हवं!"

म्हणजे शामू या बाईला दिलेल्या शब्दासाठी मार खात होता. भावकूरावांच्या मनाला ते लागलं, पण संशय सोडायची त्यांना सवय नव्हती. "आनि परवा? परवाची जीवाणी?"

"त्याच दिशी झाकनाला सरकारी मोहोर लागली. जानार कुठं? ठेवलीया की."

भावकूराव ताडकन उभे राहिले. "ठेवलीया?"

तिनं कोनाड्यातून झाकलेली पितळी लोटी आणली आणि दारातल्या उन्हात धरली. गढुळलेलं पाणी होतं. त्यात सुईच्या टोकाएवढे ठिपके वर जात होते, खाली येत होते, गिरक्या घेत होते. परवाच्या सकाळचं नळाचं पाणी, साऱ्या गावात शिल्लक राहिलेलं तेवढंच, आणि ते जिवंत होतं.

ज्या पाण्यानं धडधाकट माणसं आडवी केली, त्यात हे एवढेसे जीव दोन दिवस नाचतायत? पाण्यात विष नव्हतंच. विष घराघरात, घागरीत पडलं होतं.

"आक्का, तुमी पाण्यात तुरटी घालता?"

"छे! तुरटीनं जीव तळाला जाऊन मरत्यात. वैद्यबुवांनी पुडी दिली, म्हाताऱ्या मानसाला न्हाय कसं म्हनायचं, म्हनून घेतली." तिनं देवळीतून कागदाची पुडी काढली. दोराही सुटला नव्हता. आजाऱ्यांच्या घरातल्या पुड्या वैद्यांनी गोळा केल्या होत्या. इथं कुणी आजारीच पडलं नव्हतं, म्हणून ते इकडं फिरकलेच नव्हते.

भावकूरावांनी चिमूटभर पूड घेऊन हात लोटीकडं नेला. खात्री करून घ्यायची होती.

तारामतीनं लोटी झटकन छातीशी धरली. "साहेब! जिवाला हात लावायचा न्हाय!"

फौजदारांनी आयुष्यात दरोडेखोरांचे हात धरले होते, पण या बाईपुढं त्यांनी आपला हात मागं घेतला. पूड त्यांच्या बोटांवरच राहिली. ती धुवायला त्यांनी साबण मागितला, तारामतीनं आप्पाण्णांच्या विहिरीचं पाणी ओतलं, आणि साबण हातावर फुटला.

मग त्यांना आठवलं. काल वैद्यांच्या परसात त्यांच्या हातांवर पांढराशुभ्र फेस आला होता.

५

दुपारी चावडी माणसांनी भरली. शामू खांबाशी. मनुबाई शेजारच्या गुणाबाईच्या आधारानं उंबऱ्यात बसलेली. आप्पाण्णा पुढं, जोतिबा वैद्य मानाच्या पाटावर.

हवालदार गुंडू एक हांडा घेऊन आला. भावकूरावांनी त्यातून दोन पेले भरले.

"हे पाणी वैद्यबुवांच्या घरचं. गुंडू, सूनबाई काय म्हनाल्या?"

"म्हनाल्या, नळाचं हाय, परवा सकाळी भरल्यालं. मामंजींनी ताकीद दिलीया, घरात ह्येच वापरायचं. हिरीच्या पाण्यानं नारू हुतो."

चावडीत कुजबुज उठली. वैद्यांचं गंध घामानं ओलं झालं.

"साऱ्या गावानं हे पाणी इख म्हनून गटारात वतलं," भावकूराव म्हणाले. "वैद्यबुवांनीबी वतलं, असं त्यांनी मला सांगितलं. पन काल त्यांच्या परसात साबणाला फेस आला. आप्पाण्णांच्या पाण्यात फेस येत न्हाय, हे सगळ्यांस्नी ठावं हाय. ज्या पाण्यानं मानूस मेला तेच पाणी आपल्या नातवंडांना पाजायचं, ते कोन पाजील? त्यात इख न्हाय हे ज्याला पक्कं ठावं हाय, त्योच."

त्यांनी एक पेला उचलला. कुणीतरी "साहेब, नगा!" म्हणून ओरडलं. दोन दिवस घसा कोरडा ठेवलेल्या फौजदारांनी तो पेला एका दमात रिकामा केला आणि मिशा पुसल्या. पाणी गोड होतं.

मग त्यांनी तारामतीची पुडी दोरा सोडून उघडली, चिमूटभर पूड दुसऱ्या पेल्यात टाकली, ढवळली आणि पेला वैद्यांच्या पुढ्यात ठेवला.

"तुमच्याच घरचं पाणी, तुमचीच तुरटी. घ्या."

वैद्य पेल्याकडं बघत राहिले. त्यांनी हात पुढं केला, आणि तो पेल्यापर्यंत पोचलाच नाही.

"ह्यात सोमलाचं इख हाय न्हवं?" भावकूराव हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या दव्याच्या पेटीतला. वरच्या पेठेला साधी तुरटी देऊन आधी इस्वास बसवलात. मग खालच्या गल्लीला ही."

"मला कुणाला मारायचं नव्हतं," वैद्य म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "चार ओकाऱ्या झाल्या असत्या, मी काढा दिला असता, लोकांनी नळ उखडला असता. फौजदार, या गावात माणसं मला उचलून न्यायची! देसाई पालखी पाठवायचे. नळ आला आणि माझ्या दारात कुणी पाय पुढं करून बसेना. ही पोरंटोरं मला ओळखत नाहीत." ते एकदम उसळले. "मी बरोबर मोजून दिलं होतं. घागरीला एक चिमूट. कुणी जास्त घातलं नसतं तर म्हातारा मेला नसता!"

उंबऱ्यात मनुबाईचा हात तोंडावर गेला. भावकूरावांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

६

संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत भावकूरावांनी टेकडीवरच्या झाकणाची मोहोर स्वतः फोडली. शामूनं कुलूप काढलं. त्याच्या मनगटांवर दोराचे वळ होते, पण पहिलं काम त्यानं हेच केलं. तारामतीनं लोटीला दोर बांधला, ती हळूहळू खाली सोडली आणि पाण्याला टेकल्यावर अलगद कलंडवली. तिच्या तोंडावर लेकरू घरी पोचवल्यासारखं समाधान होतं.

मनुबाई टेकडी चढून आली होती. नवरा सुटला म्हणून तिनं देवाला नारळ फोडायला हवा होता. ती फौजदारांसमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, आप्पांच्या घागरीत म्या दोन चिमटी घातलत्या." तिचा आवाज कोरडा होता. "त्यांचं पोट नाजूक म्हनून. बाकीच्या घागरीत एक, त्यांच्यात दोन. वैद्य म्हनला ते खरं हाय का?"

भावकूरावांनी लबाडांशी व्यवहार करण्यात जन्म काढला होता. खोटं कसं ओळखायचं हे त्यांना ठाऊक होतं. ते बोलायचं कसं, हे त्या घटकेला त्यांना आठवेना. बेळगावला पूड अजून गेली नव्हती, डॉक्टरानं काही लिहिलं नव्हतं, आणि दोन चिमटींचा हिशेब शेंबड्या पोरालाही कळत होता.

"खोटं बोलतोय त्यो," ते म्हणाले. "आपला गळा सोडवायला. डाक्टरानं कळीवलंय मला, भरमूचं काळीज कमजोर हुतं. एक काय नि दोन काय, अर्ध्या चिमटीनं बी गेला असता."

मनुबाई त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. तिचा विश्वास बसत नव्हता. सबंध तालुक्यात ज्याच्यापुढं खोटं टिकत नाही असा माणूस स्वतः खोटं बोलताना लाल झाला होता.

मागून तारामती आली. तिनं रिकामी लोटी काखेला लावली. आयुष्यात असत्य बोलायचं नाही, असं तिचं व्रत होतं. बस्तीत मुनिमहाराजांपुढं घेतलेलं. काल साऱ्या रात्रीचा उपास तिनं चार जीव मेले असतील या धास्तीपायी केला होता.

"व्हय गं बाई," ती मनुबाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "डाक्टरचा मानूस आलता तवा मी चावडीवरच हुतो. माझ्या कानांनी ऐकलंय."

मनुबाई तिच्या खांद्यावर पडून दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. भावकूरावांनी तारामतीकडं पाहिलं. तिनं पापणी हलवली नाही.

मग शामूनं खालच्या गल्लीची चावी फिरवली, आणि लोखंडी नळातून पाणी गावाकडं निघाल्याचा आवाज आला.